नाताळची बिअर आणि शेजारघरचे विरजण

मध्ययुगात पश्चिम नॉर्वेत एक कायदा होता. नाताळच्या पवित्र रात्रीसाठी प्रत्येक शेतकरी कुटुंबाने घरी बिअर बनवलीच पाहिजे, असे त्यात स्पष्ट म्हटले होते. ख्रिस्त आणि मेरी यांचे स्मरण करून, येणारे वर्ष पिकापाण्याचे आणि शांततेचे जावे म्हणून ती प्यायची. जो बनवणार नाही त्याने बिशपला दंड भरायचा. सलग तीन वर्षे ज्याने बिअरही बनवली नाही आणि दंडही भरला नाही त्याची सगळी मालमत्ता जप्त होई, निम्मी राजाकडे आणि निम्मी बिशपकडे. पापाची कबुली देऊन प्रायश्चित्त घेतले तर त्याला देशात राहता येई. नाहीतर राजाचे राज्य सोडून जावे लागे. हा गुलाटिंगचा कायदा. गुलाटिंग ही तेथील शेतकऱ्यांची जुनी सभा. तिचे नियम बराच काळ तोंडपाठ होते, पुढे ते लिहिले गेले, आणि आज उपलब्ध असलेली त्यांची सर्वांत जुनी पूर्ण प्रत साधारण १२५० च्या सुमाराची आहे.

त्याच कायद्यात नाताळाच्या आधी येणाऱ्या, १ नोव्हेंबरच्या सर्व संतांच्या सणासाठीही बिअरची सक्ती होती. ती तर निदान तीन घरांनी मिळून प्यायची होती. दूरच्या बेटावर किंवा डोंगरात एकटाच राहणारा शेतकरी असेल, तर त्याने तिघांच्या वाट्याची बिअर बनवावी, अशी पुरवणीही जोडलेली आहे. एकट्याने पिण्याला कायद्याच्या लेखी किंमत नव्हती.

याहून जुनी एक हकीकत तेराव्या शतकातला आइसलँडचा इतिहासकार स्नोर्री स्तुर्लुसोन सांगतो. दहाव्या शतकातला राजा हाकोन हा इंग्लंडमध्ये ख्रिस्ती संस्कारांत वाढलेला. नॉर्वेला परतल्यावर त्याने हिवाळ्यातला जुना 'यूल' सण ख्रिस्ती नाताळाच्या तारखेला आणून ठेवला, आणि प्रत्येकाने ठरावीक मापाच्या माल्टची बिअर घरात ठेवावी, ती संपेपर्यंत सण पाळावा, असा नियम केला. स्नोर्री हे लिहीत होता तेव्हा हाकोनला जाऊन सुमारे पावणेतीनशे वर्षे झाली होती. तेव्हा तपशील किती खरा मानायचा हे ज्याचे त्याने ठरवावे. पण नवा धर्म आणताना राजाने तारीख बदलली आणि बिअर तशीच राहू दिली, ही गोष्ट मला फार शहाणपणाची वाटते. लोकांच्या सणातला पदार्थ काढून घेऊन धर्मांतर यशस्वी झाल्याची उदाहरणे इतिहासात फारशी नाहीत.

मद्यपानाची भलामण करण्यासाठी हे लिहिलेले नाही. विज्ञानाच्या वाचकाला या कायद्यात रस वाटावा तो वेगळ्याच कारणाने. कायदा करणाऱ्यांना, राजाला, बिशपला आणि पिणाऱ्या शेतकऱ्यांना ज्याची काहीच कल्पना नव्हती असा एक सजीव या सणाच्या वेळापत्रकामुळे शतकानुशतके घडत गेला. तो सजीव म्हणजे यीस्ट. बिअर म्हणजे मोड आणून वाळवलेल्या सातूचा गोड काढा. त्यातील साखर खाऊन यीस्ट अल्कोहोल आणि कार्बन डायऑक्साइड तयार करते. हे आज शाळेतले मूल सांगते. पण बव्हेरियात १५१६ साली बिअरच्या घटकांविषयी जो प्रसिद्ध नियम झाला त्यात सातू, हॉप्स आणि पाणी एवढ्याच तीन गोष्टी आहेत. चौथी गोष्ट जिवंत आहे, हे एकोणिसाव्या शतकापर्यंत कोणालाही ठामपणे सांगता आले नव्हते.

नॉर्वेतल्या शेतकऱ्याचे वर्ष डोळ्यांसमोर आणा. सातू पिकणार शरद ऋतूत. त्याला मोड आणून, वाळवून, भाजून माल्ट होणार नोव्हेंबरच्या आसपास. वर्षातली सर्वांत कडक, सर्वांत चांगली बिअर नाताळासाठी. २१ डिसेंबर हा संत थॉमसचा दिवस, आणि लोक त्याला 'बिअरवाला थॉमस' म्हणत. लाकडी पट्टीवर खुणा कोरून केलेले जे पंचांग घरोघर असे, त्यात या दिवशी पिंपाची खूण सापडते. या दिवसापर्यंत बिअर तयार असलीच पाहिजे. मग शेजारीपाजारी एकमेकांकडे जाऊन प्रत्येक घरची नाताळची बिअर चाखून पाहत. यंदा कोणाची गोड झाली, कोणाची आंबली, कोणाच्या बिअरला जुनिपरच्या फांद्यांचा वास अधिक आला, याची चर्चा होई. (जुनिपर हे तिकडचे काटेरी, सुवासिक सदाहरित झुडूप, त्याच्या फांद्या पाण्यात उकळतात आणि गाळणी म्हणून तळाशी अंथरतात.) काही भागांत तर आंबवण पूर्ण होऊन बिअर पिंपात भरायच्या दिवशीच शेजाऱ्यांना बोलावण्याची पद्धत होती, आणि त्या छोट्या मेजवानीला स्वतंत्र नाव होते.

नाताळ झाला की पुन्हा बिअर कधी? गवतकापणीला, एखाद्या लग्नाला, एखाद्याच्या उत्तरकार्याला. म्हणजे वर्षातून मोजक्या वेळा. येथेच एक अडचण उभी राहते, आणि ती मराठी घरातल्या कोणालाही चटकन समजेल. दह्याचे विरजण रोज लागते म्हणून रोज शिल्लक राहते. पण वर्षातून तीनचारदाच दही लावायचे असेल, तर मधल्या काळात विरजण जिवंत ठेवायचे कसे?

नॉर्वेच्या शेतकऱ्याने ते वाळवून ठेवले. बिअर आंबत असताना वर आलेला किंवा तळाशी बसलेला यीस्टचा साका तो कापडावर पसरून वाळवी. किंवा लाकडाचा एक ओंडका घेऊन त्याला भोके, खाचा पाडत. तो साक्यात बुडवून काढला की खाचांत यीस्ट अडकून बसे, आणि मग तो माळ्यावर टांगून ठेवत. लाकडाच्या लहान तुकड्यांची एकमेकांत गुंतवलेली कडीही असे; तिच्या प्रत्येक फटीत यीस्ट साठे. अशा कड्या आणि ओंडके आजही नॉर्वेतल्या संग्रहालयांत पाहायला मिळतात. पुढच्या सणाला ओंडका कोमट काढ्यात सोडायचा की झाले. या घरगुती यीस्टला पश्चिम नॉर्वेच्या बोलीत 'क्वाइक' म्हणतात. शब्दाचे मूळ 'जिवंत' या अर्थाच्या जुन्या नॉर्स शब्दात आहे. सूक्ष्मदर्शक येण्याच्या कितीतरी आधी भाषेला ते जिवंत असल्याचे ठाऊक होते, असे म्हणण्याचा मोह होतो. पण विस्तव 'जिवंत' करण्यासाठीही त्याच धातूचे क्रियापद वापरत, तेव्हा तो मोह आवरलेला बरा.

वाळवूनही कधी कधी यीस्ट मरे, उंदीर खात, बुरशी धरे किंवा बिअरला आंबट वास येऊ लागे. अशा वेळी उपाय एकच: शेजाऱ्याकडे जाऊन त्याचे मागून आणायचे. ते कोणी नाकारत नसे, कारण पुढच्या वर्षी ती वेळ आपल्यावरही येणार हे प्रत्येकाला ठाऊक होते. चांगली बिअर झालेल्या घराचे यीस्ट अर्थातच अधिक मागितले जाई. थॉमसच्या दिवशी घरोघर चाखत फिरण्याला त्यामुळे एक नकळत व्यावहारिक बाजू आली. पुढच्या वेळी कोणाकडे मागायचे, हे त्या दिवशी समजे.

जीवशास्त्राच्या दृष्टीने हे काय चालले होते? दर हंगामात जे यीस्ट वाळून महिनोन् महिने तग धरू शकले तेच पुढच्या सणापर्यंत पोचले, बाकीचे मेले. वाळवलेल्या यीस्टचे पुढे काय होते हेही पाहण्यासारखे आहे. वॉससारख्या भागांत ते ज्या काढ्यात सोडत तो आपल्या भाषेतला अगदी नेमका शब्द वापरायचा तर धारोष्ण असे. तिथले शेतकरीही ताज्या काढलेल्या दुधाच्याच उबेची उपमा देत. तापमापकाने मोजले तर हे ३५ ते ४० अंश सेल्सिअस भरते. बिअरच्या कारखान्यातले नेहमीचे एल यीस्ट साधारण २० अंशांच्या आसपास ठेवतात. त्याहून फार गरम झाले की ते नको ते वास आणि चवी तयार करते. क्वाइकला मात्र ती ऊब मानवली, कारण शेकडो पिढ्या तेच मिळत गेले. शिवाय अनेक घरांत काढा उकळून घेत नसत. न उकळलेल्या काढ्यात जिवाणू असतात, तेव्हा जे यीस्ट झपाट्याने वाढून साखर संपवते तेच जिंकते. परिणामी दोन दिवसांत बहुतेक आंबवण उरकणारे, उष्णता सोसणारे, कोरड्या झोपेतून सहज जागे होणारे यीस्ट तयार झाले. कोणी ते ठरवून केले नव्हते. सणांची तारीख, माळ्यावरचा कोरडेपणा आणि शेजाऱ्याची उदारता यांनी मिळून ती निवड केली.

याच काळात युरोपच्या मध्यभागी यीस्टची दुसरी एक वाटणी चालू होती. तिच्यामागे शेतकरी नव्हते, कारखानदार होते. कोपनहेगनच्या जे. सी. याकोबसेन याने म्युनिकमधल्या स्पाटेन या कारखान्यातून १८४५ साली यीस्ट आणले. ते देणारा गाब्रिएल झेडलमायर हा खरे तर त्याच धंद्यातला माणूस. तरी त्याने दिले. घोडागाडीच्या लांबलचक प्रवासात प्रत्येक मुक्कामाला उतरून याकोबसेन भांड्यावर थंड पाणी ओतत असे, ही गोष्ट डेन्मार्कमध्ये आजही सांगतात. बव्हेरियाचे हे यीस्ट थंडीत, तळाशी बसून, सावकाश काम करणारे होते. त्यावर याकोबसेनने १८४७ साली नवा कारखाना काढला आणि मुलाच्या नावावरून त्याला कार्ल्सबर्ग हे नाव दिले. १८७५ साली त्याने कारखान्याला जोडून प्रयोगशाळा उभारली. तिचा एक नियम असा होता की, तेथे लागलेला सैद्धांतिक किंवा व्यावहारिक महत्त्वाचा कोणताही शोध गुप्त ठेवायचा नाही. विद्यार्थ्यांनी ही प्रयोगशाळा लक्षात ठेवावी. नायट्रोजन मोजण्याची केल्डालची पद्धत (१८८३) आणि सोरेन्सनची पीएच मोजपट्टी (१९०९) या दोन्ही तिथल्याच.

एमिल क्रिस्तियान हान्सन याच प्रयोगशाळेत काम करत होता. तरुणपणी रंगकाम करून पोट भरणारा, पुढे शिकून वनस्पतिशास्त्राकडे वळलेला हा माणूस. डार्विनच्या बीगल जहाजावरील प्रवासाचे पुस्तक त्याने एका मित्रासह डॅनिश भाषेत आणले होते. सजीवांतील भेद आणि निवड हा विषय त्याच्या डोक्यात आधीपासून होता, असे मानायला हरकत नाही. त्या काळात कारखान्यांतली बिअर अधूनमधून बिघडे; कडवट चव, घाण वास. पाश्चर १८७६ च्या आपल्या बिअरवरील ग्रंथात याचा दोष मुख्यतः जिवाणूंना देऊन मोकळा झाला होता. हान्सनला वेगळीच शंका होती. दोष यीस्टमध्येच असेल तर? यीस्ट म्हणून जे वापरले जाते ते एक नसून अनेक जातींचे मिश्रण असेल, आणि त्यात घुसलेल्या रानटी जाती बिअर बिघडवत असतील तर?

त्याने द्रव इतका पातळ केला की एका थेंबात जेमतेम एकच पेशी यावी, आणि त्या एका पेशीपासून संपूर्ण वंश वाढवला. १८८३ साली त्याच्या हाती शुद्ध यीस्ट आले, आणि त्याच वर्षी १२ नोव्हेंबरला कार्ल्सबर्गच्या कारखान्यात त्यावर पहिली बिअर घातली गेली. सुरुवातीला साशंक असलेल्या याकोबसेनची खात्री पटली, तशी त्याने ते यीस्ट इतर कारखान्यांना मोफत दिले. पेटंट नाही, गुप्तता नाही, किंमत नाही. चाळीस वर्षांपूर्वी म्युनिकमध्ये स्वतःला मिळालेली गोष्ट तो पुढे देत होता, असे म्हटले तरी चालेल. पुढे या यीस्टला कार्ल्सबर्गचेच नाव लागले.

या उदारतेची दुसरी बाजू क्वचित सांगितली जाते. शेजाऱ्याने शेजाऱ्याला यीस्ट दिले की दोन घरांत दोन थोडी वेगळी यीस्ट होत. कालांतराने तीही आपापल्या वाटेने बदलत. प्रयोगशाळेने सर्वांना यीस्ट दिले की सर्वांकडे एकच यीस्ट झाले. हान्सनची देणगी खरी होती आणि तिचा फायदाही खरा होता. नासलेल्या बिअरची पिंपेच्या पिंपे गटारात ओतण्याची वेळ तिने पुष्कळ कमी केली. पण विश्वासार्ह यीस्ट दुकानात मिळू लागल्यावर, आणि पुढे पाव करण्याचे यीस्ट खेडोपाडी पोचल्यावर, माळ्यावरचा ओंडका जपण्याची गरज कोणाला उरली? विसाव्या शतकात नॉर्वेच्या एकेका खोऱ्यातून घरगुती यीस्ट नाहीसे होत गेले. काही ठिकाणी शेतकरी आजही जुन्याच पद्धतीने स्वतःचे माल्ट करतात, पण यीस्ट बाजारातले वापरतात. वॉस, हार्डांगर, सुन्मॉर अशा मोजक्या भागांत मात्र ते टिकले. या टिकण्याला एकट्या घराची चिकाटी पुरली नसती. एका घरचे गेले की दुसऱ्या घरचे आणायचे ही जुनी रीत जिथे चालू राहिली, तिथेच यीस्टही चालू राहिले.

त्याच्याकडे विज्ञानाचे लक्ष गेले ते गेल्या दशकात. लार्स मारिउस गार्शोल हा पेशाने संगणक अभियंता. त्याने खोऱ्याखोऱ्यांत फिरून या शेतकऱ्यांच्या पद्धती टिपल्या, यीस्टचे नमुने गोळा केले आणि ते इंग्लंडमधील नॉरिच येथील यीस्टच्या राष्ट्रीय संग्रहात तपासणीसाठी पाठवले. २०१८ साली त्याने आणि कॅनडा व फिनलंडमधील संशोधकांनी मिळून क्वाइकचा जनुकीय अभ्यास प्रसिद्ध केला. ही यीस्ट सॅकरोमायसिस सेरेव्हिसी याच जातीची, म्हणजे पावाच्या आणि एल बिअरच्या यीस्टच्याच जातीची आहेत. पण त्यांचा स्वतःचा वेगळा गट आहे, असे त्यात दिसले. लवंगेसारखा उग्र वास निर्माण करणाऱ्या जनुकांचे काम त्यांत थांबलेले आढळले. रानटी यीस्टमध्ये ही जनुके सहसा शाबूत असतात. माणसाने बिअरसाठी पाळलेल्या यीस्टमध्ये ती बहुधा मोडलेली असतात. म्हणजे क्वाइक हे माळरानातून उडून आलेले यीस्ट नव्हते. ते पाळीव होते, गाईइतकेच. नंतरच्या अभ्यासात असेही दिसले की क्वाइक आपल्या पेशींत ट्रेहॅलोज ही साखर भरपूर साठवते. ट्रेहॅलोज पेशीचे कोरडेपणापासून आणि उष्णतेपासून रक्षण करते. माळ्यावरचा ओंडका आणि धारोष्ण काढा, दोन्हींची खूण एकाच रेणूत सापडावी हे मला या सगळ्या कथेतले सर्वांत सुंदर निरीक्षण वाटते.

त्याआधी, २०१६ साली, बेल्जियममधील संशोधकांच्या पुढाकाराने १५७ औद्योगिक यीस्टचे जनुकसंच वाचले गेले होते. बिअरच्या यीस्टचे पाळीवकरण सोळाव्या-सतराव्या शतकाच्या आसपासचे असावे, असा त्या अभ्यासाचा अंदाज होता. सूक्ष्मजीव म्हणजे काय हेच माहीत नसलेल्या लोकांनी, एका पिंपातला साका दुसऱ्या पिंपात टाकत टाकत, एका सूक्ष्मजीवाला माणसाळवले. त्यांपैकी कित्येक यीस्ट लैंगिक पुनरुत्पादनाची क्षमता गमावून बसली आहेत. माणसाने पिंपे पुरवायची आणि त्यांनी पेशी दुभंगत राहायचे, एवढेच त्यांचे जीवन उरले.

थंडीत काम करणाऱ्या लागर यीस्टचे कोडे आणखी वेगळे निघाले. ते संकरित आहे. एक पालक सेरेव्हिसी, दुसरा थंडी सोसणारा कोणी अज्ञात. त्या अज्ञात पालकाचा माग २०११ साली लागला तो दक्षिण अमेरिकेतल्या पॅटागोनियात, तिथल्या बीच झाडांवरच्या गाठींत. तोच सजीव पुढे तिबेटच्या पठारावर आणि आयर्लंडमध्येही सापडला, तेव्हा बव्हेरियाच्या तळघरात तो नेमका कोणत्या वाटेने आला याची चर्चा अजून चालू आहे. थंडीची ही आवड भारताच्या इतिहासातही उमटलेली आहे. इंग्रजांनी एकोणिसाव्या शतकात बिअरचे कारखाने कसौली, सोलन, मरी अशा डोंगरी ठिकाणी काढले. तिथे झऱ्याचे पाणी होते आणि हवा थंड होती. बर्फ करण्याची यंत्रे सर्वत्र पोचण्यापूर्वी मैदानातल्या उन्हाळ्यात युरोपचे यीस्ट सांभाळणे सोपे नव्हते. कसौलीचा कारखाना काढणारा एडवर्ड डायर हा जालियनवाला बागेतील हत्याकांड करणाऱ्या जनरल डायरचा बाप, हे जाता जाता नोंदवून ठेवतो.

भारतातल्या मूळच्या यीस्टला मात्र डोंगराची गरज नव्हती. गोव्यात नाताळच्या जेवणातल्या सान्ना फुगतात त्या माडाच्या सुरेने. पूर्वी पोदेर पावासाठीही सूरच वापरत. रेंदेराने माडावरून उतरवलेल्या सुरेत यीस्ट आपोआप असते, म्हणून साठवणीचा प्रश्नच येत नव्हता, रोज नवे. नाताळात तिकडे घरोघर एकमेकांना पाठवतात ती कुसवाराची, म्हणजे दोदोल, नेवऱ्या, बेबिंकेची ताटे. यीस्ट त्यात क्वचितच असते.

क्वाइकशी खरे साम्य आहे ते सिक्कीममधल्या 'मर्चा'चे. तांदळाचे पीठ, आले आणि काही वनस्पती कुटून चपट्या गोळ्या करतात, त्यांवर आधीच्या मर्चाची पूड भुरभुरतात, नेच्याच्या पानांत ठेवून मुरवतात आणि वाळवतात. वाळलेला मर्चा महिनोन् महिने टिकतो. त्यावर नाचणीची, तांदळाची पेये होतात. हे काम प्रामुख्याने लिंबू समाजाच्या स्त्रिया पिढीजात करत आल्या आहेत. सिक्कीमचे सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ ज्योतिप्रकाश तामांग यांनी या गोळ्यांतले सूक्ष्मजीव वर्षानुवर्षे अभ्यासले. त्यात यीस्टबरोबर पिष्टाची साखर करणाऱ्या बुरशी आणि लॅक्टिक आम्ल तयार करणारे जिवाणूही असतात. एका गोळीत अख्खा समाज. झारखंड-ओडिशात हंडियासाठी लागणाऱ्या 'रानू'च्या गोळ्या, आसामच्या दिमा हसाओत 'जुडिमा' या तांदळाच्या पेयासाठी लागणाऱ्या चकत्या, हे याच कुळातले. ईशान्येतल्या अनेक ख्रिस्ती समाजांत मात्र नाताळला ही पेये दिसत नाहीत. बाप्टिस्ट मिशनऱ्यांनी मद्य वर्ज्य ठरवले, आणि नागालँडने १९८९ साली कायद्यानेच दारूबंदी आणली. नॉर्वेच्या राजाने केले त्याच्या नेमके उलट.

आज नॉर्वेतल्या काही शेतांचे यीस्ट आंतरराष्ट्रीय कंपन्या वाळवून, पाकिटांत भरून विकतात. त्यांतल्या काही पाकिटांवर 'वॉस' हे भागाचे नाव छापलेले असते. उष्ण हवेत, थंड करण्याचा खर्च वाचवून चांगली बिअर देणारे यीस्ट उद्योगाला हवेच आहे, आणि भारतासारख्या देशातल्या लहान बिअरगृहांना तर विशेष. ज्या शेतकऱ्यांनी ते मागणाऱ्याला फुकट दिले त्यांनी त्या वेळी करारपत्र केले नव्हते. शेजाऱ्याशी करार कोण करतो? पण शेजाऱ्याला देणे आणि जगाला देणे यांत फरक असतो हे हळूहळू लक्षात येते. कार्ल्सबर्गने दिले तेव्हा देणारा श्रीमंत होता आणि काय देतो आहोत हे त्याला पुरते माहीत होते. वॉसचा शेतकरी किंवा मर्चा करणारी लिंबू स्त्री त्या जागी नाही.

जुडिमाला २०२१ साली भौगोलिक मानांकन मिळाले. मानांकन नावाचे आणि उगमाचे रक्षण करते. चकतीतले यीस्ट कोणी वेगळे करून नेले तर ते त्याच्या कक्षेत येत नाही. त्यासाठी २००२ चा जैवविविधता कायदा आहे. त्याच्या व्याख्येत जैविक संसाधन म्हणजे वनस्पती आणि प्राणी यांच्याबरोबर सूक्ष्मजीवही येतात. परदेशी कंपनीने असा सूक्ष्मजीव नेण्यापूर्वी चेन्नईच्या राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाची परवानगी घ्यायची, आणि त्यातून होणाऱ्या लाभात मूळ समाजाला वाटा द्यायचा, अशी त्याची रचना आहे. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत औद्योगिक सूक्ष्मजीवांचा राष्ट्रीय संग्रह आहे. तिथे यीस्ट गोठवून सुकवतात आणि काचेच्या छोट्या बंद नळ्यांत ठेवतात. मागणी आली की ती नळी टपालाने जाते, सोबत यीस्टचा क्रमांक, आणि ते कोणी, कुठून आणले याची नोंद.